काज-बटण

मी तेव्हा तेरा वर्षांचा, वास्कोत
भिकू रायकरांच्या दुकानात काजं करायचो.
एका काजाला बावीस टाके.
जास्त घातले की उमावती उसवायला लावायची,
कमी घातले तरी.

बंदरात तीन वर्षं जहाजं नुसती उभी होती,
जर्मनांची, एक इटालियनांचं.
बाहेर समुद्रात युद्ध. आमचा पोर्तुगीज गोवा तटस्थ,
म्हणजे तटावर उभा राहून बघणारा.
जहाजांच्या बुडाला कालवं धरली,
खलाशांचे पगार थांबले, शर्ट विरले.
ते शर्ट आमच्याकडे यायचे.

त्यातला एक डेटलेफ.
रायकरमामांच्या जिभेवर हे नाव बसेना,
त्यांनी त्याचा दत्तू केला.
दत्तू कॉलर उलटून घ्यायला यायचा,
मग बाहीची शिवण बघायला,
मग हातात काहीच नसताना.

सुईला तो म्हणायचा नाडेल.
उमावतीला ऐकू आली नाडी.
सासरहून मोकळ्या कपाळानं परत आल्यापासून
ती दुकानात पहिल्यांदाच हसली, पदर तोंडाला लावून.
दोऱ्याला तो म्हणायचा फाडेन.
'तू फाडशील, मग शिवणार कोण?'
त्याला कळलं नाही. नुसता बघत राहिला,
आणि माझ्या काजात त्या दिवशी तीस टाके पडले.

गाव दोन-तीनदा दारावरून खाकरून गेलं.
मामा तेवढ्यापुरतं मशीन जोरात चालवायचे.

इंत्रुजाच्या दिवसांत एका रात्री आभाळ तांबडं झालं.
आम्हाला वाटलं, दारूकाम.
कुणी म्हणे इंग्रज आले,
कुणी म्हणे त्यांनी आपणच लावून घेतली.
सकाळी पाण्यावर तेल, जळकी फळकुटं, एक बूट.
वाचले ते अग्वादच्या तुरुंगात.
किती वाचले, कोण वाचले, कुणी सांगेना.
उमावतीनं विचारलं नाही. कोण म्हणून विचारणार?

महिन्याभरात अग्वादहून काम आलं.
कैद्यांचे शर्ट, चाळीस.
नाव कशावर नाही, नुसते आकडे.
तिनं सगळी बटणं पांढऱ्या दोऱ्यानं लावली,
वरून दुसरं तेवढं निळ्या.
चाळीसही शर्टांना.
मामांनी एक उचलून उजेडात धरला.
'पांढरा दोरा संपला वाटतं,' म्हणाले,
आणि घडी घालून ठेवला.

चवथीच्या आधी तेच शर्ट दुरुस्तीला परत आले,
घामाचे, चुन्याचे, कुठे रक्ताचे.
तिनं एकेक उलगडला.
निळी बटणं जागच्या जागी,
सगळी, कुणी हातही न लावलेली.
एकदा मोजून झाल्यावर ती पुन्हा मोजायला लागली.
मग दिवेलागण झाली म्हणून आत गेली.

मी कातर घेतली.
ढिगातला खालून तिसरा शर्ट. कच् झालं, बस.
बटण चड्डीच्या खिशात.

ती आली. तो शर्ट तिच्या हाती येईपर्यंत
मी एकच भोक चारदा ओवलं.
मग खूप वेळ ती त्या दोऱ्याची टोकं बघत होती.
शिवणाऱ्या माणसाला कळतं,
तुटलेला दोरा कुठला आणि कातरलेला कुठला.
अग्वादच्या कैद्याला कातर कोण देतो?
हे मला रात्री अंथरुणात सुचलं.

'नवं लाव,' ती म्हणाली.
थोड्या वेळानं म्हणाली, 'निळ्याच दोऱ्यानं.'

युद्ध संपलं तेव्हा कैदी सुटले.
कुणी बोटीनं गेले, कुणी इथंच राहिले.
ते दोन-चार महिने ती दुकान उशिरा बंद करायची.
मग नेहमीच्या वेळी.

आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे.
बटण माझ्याकडे आहे, शिंपल्याचं, चार भोकांचं.
नातीनं परवा विचारलं, कुठल्या शर्टाचं हे.
मी म्हटलं, एका दत्तूचं.
आकडा मात्र मला आठवत नाही.