बारा टक्के

लॅमिंग्टन रोडवरच्या जिन्याखालच्या दुकानातून आणला हा डबा:
काडेपेटीएवढा, वर इवलासा पंखा, बाहेर तीन जाड तारा.
"मॅडम, वेग यातूनच जातो," दुकानदार म्हणाला,
"हा नसेल तर मोटर म्हणजे नुसतं वजन."
पत्रक चिनी. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी.

शिवडीला आमच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत
मी मांडी घालून बसले. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत.
दोरीवर मोकलकाकूंचे बोंबील.
"आधी काय चालू करायचं?"
रिमोट. नेहमी आधी रिमोट.
गाडी आधी जागी झाली आणि हुकूम द्यायला कोणी नसलं
तर ती हवेतलं काहीही ऐकते.
हे बाबांना पटलं.
एकतीस वर्षं पोर्टाच्या टगवर सारंग होते ते.

बटण दाबून धरायचं, स्विच सरकवायचा,
लाल दिवा लुकलुकला की सोडायचं.
मग शिकवायच्या तीनच गोष्टी.
मला वाटलं होतं, आधी पुढे जाणं शिकवत असतील.
नाही. पहिली गोष्ट, काहीच न करणं.
ट्रिगरला बोट न लावता सांगायचं:
हे बघ, हे थांबणं. हे इथं असतं.
मोटर स्वतःच्या पोटातून म्हणते, टीं.
ट्रिगर पूर्ण ओढून: याच्यापुढे वेग नाही. टीं टीं.
पूर्ण ढकलून: हा ब्रेक, हीच पिछाडी. टीं टीं टीं.
बाबा हसले. "स्टॉप, फुल अहेड, फुल अ‍ॅस्टर्न.
एवढ्यासाठी आमच्याकडे पितळेचं केवढं धूड होतं."

गाडी खाली ठेवली, रिमोट त्यांच्या हातात दिला
आणि ती उभ्या जागी दचकायला लागली.
इंचभर पुढे, थांब, पुन्हा इंचभर,
मागून कोणी सारखं टोकत असल्यासारखी.
मी तारा तपासल्या. ए, बी, सी. ट्रिम शून्यावर.
बॅटरीचा पिवळा जोड काढून परत दाबला.
सोल्डरकडे संशयाने पाहिलं, माझंच होतं ते.
सगळं बरोबर.
मग माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं.
त्यांचं माझ्या आधीच गेलं होतं.
"दे, तूच चालव," म्हणाले, नजर खाडीकडे.

पत्रक पुन्हा उघडलं. तक्त्यात सातवी ओळ:
थांबण्याची रुंदी. सहा टक्के, नऊ, बारा.
कंपनी सहा ठेवून पाठवते.
बटण दाबत, लुकलुक मोजत,
एकदा चुकून बॅटरीच्या ओळीत शिरून, शिव्या घालत परत येऊन
मी बारा केले.
डॉक्टर पेडणेकरांनी चार महिन्यांत तीन गोळ्या बदलल्या,
त्यांच्या चिठ्ठीत ही ओळ नव्हती.

बोट थरथरतच होतं.
गाडी ढिम्म.
"बिघडली?"
"नाही. जरा जास्त ओढा."
ओढलं, आणि ती सुटली,
टाकीला वळसा, डिशच्या खांबाला वळसा,
बोंबलांच्या सावलीखालून थेट ड्रेनेजच्या पाइपावर,
मी तोंडावर हात घेतला,
आणि बाबांनी ती पाइपाच्या चार बोटं अलीकडे लावली.
आस्ते. धक्क्याला लावतात तशी.
"थोडं उशिरा ऐकते," ते म्हणाले.
"हो, बारा केलेत ना."
"असू दे. टगही उशिराच ऐकायची."

काकू बोंबील उलटायला वर आल्या, तेव्हा अंधारत होतं.
बंद करताना क्रम उलटा: आधी गाडी, मग रिमोट.
हे मी सांगायची विसरले होते.
त्यांनी तसंच केलं.