कडेबाहेरचे निळे

हाप्सालूहून आलेला धक्क्यावरचा नवा पडदा
फक्त जिफ खातो.
दुसरं काही वाढलं तर तोंड फिरवतो,
काळा होऊन बसतो.

आणि एन्डेलने मागे ठेवलाय तो नुसता साचा.
सतरा वर्षं बोटींच्या वेळा ज्यात ओतल्या जायच्या
तो रिकामा,
धुऊन पालथा घातल्यासारखा.
शिवाय एक जाकीट आणि एक थर्मास.
जाकीट बहिणीने नेलं.
थर्मास मी वापरते.

रात्री साडेनऊ. शेवटची बोट बेटाकडे गेलेली.
मी फाइल ओढून त्या चौकटीत सोडते
आणि ती जाते. कुठे, कुणास ठाऊक.
कुठल्या देशातल्या कुठल्या गार खोलीत
एन्डेलचा साचा
कुणा अनोळखी यंत्राच्या हाती.
खाली बारीक अक्षरांत वचन:
एक तासानंतर आम्ही सगळं पुसून टाकतो.
हॉस्पिटलातली खाटही
तेवढ्याच वेळात रिकामी झाली होती.

सत्तर टक्के.
ब्याण्णव.
ब्याण्णव.
ब्याण्णव.
झालं.

सकाळी सातच्या बोटीला अकरा माणसं, दोन सायकली,
पिंजऱ्यात एक रागावलेला कोंबडा,
आणि पडद्यावर ठळक अक्षरांत:
शीर्षकासाठी इथे क्लिक करा.
तीन सेकंद.
उपशीर्षकासाठी इथे क्लिक करा.
तीन सेकंद.
पुन्हा शीर्षक.
यंत्राने रिकाम्या जागांनाच मजकूर समजून
इमानदारीने छापलं होतं.

म्हातारी व्हाइके उठली,
पडद्यापाशी गेली, हातमोजा काढला,
आणि सांगितलं होतं तिथे बोट टेकवलं.
थांबली.
"एन्डेल असता तर उघडलं असतं," म्हणाली,
हातमोजा चढवला
आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

त्याच्या साच्यात मागे पाणी होतं,
वरून खाली विरघळत जाणारं.
जिफने त्याच्या पायऱ्या केल्या.
रंग दोनशे छप्पन्न,
त्याहून एक जास्त मागायचा नाही.
जिथे एक निळा नकळत दुसऱ्यात शिरायचा
तिथे आता उंबरा.

दुपारी साचा पुन्हा उघडला.
चूक शोधायला पान लहान केलं,
अजून लहान, काडेपेटीएवढं,
तेव्हा दिसलं:
पानाच्या कडेबाहेर, त्या करड्या पडीक जागेत,
जिथलं काहीही कधी छापलं जात नाही,
अकरा चौकोन.
अकरा निळे.
प्रत्येकाखाली त्याचे तुटक शब्द.
बर्फ सुटल्यावर.
मासे नसताना.
शनिवार, वारा दक्षिणेचा.
व्हाइकेचा कोट.
आणि एकाखाली काहीच नाही.

म्हणजे आम्हाला वाटायचं
हा वेळापत्रक करत बसलाय.

मी ते एकेक करून आत ओढले.
नावं बाहेरच राहू दिली.
सपाट रंग, न विरघळणारे,
जिफला पचतील असे.
दीड-दीड सेकंद प्रत्येकाला.
पुन्हा पाठवले त्या गार खोलीत,
पुन्हा ब्याण्णववर अडकले,
पुन्हा आले. या वेळी शाबूत.

उर्मास साहेब पडद्याखाली उभे राहून विचारतात,
"आणि बोट कधी सुटते?"
मी काचेकडे बोट दाखवते.
कागद चिकटवलाय, हाताने लिहून.
ते काही बोलत नाहीत.
पगाराच्या आठवड्यात बघू.

व्हाइके गुरुवारी येते.
तोच कोट, कोपरांवर झिजलेला,
धुऊन धुऊन चौकोनाहून फिका पडलेला.
आठव्या निळ्याला तिने मान वर केली का,
मला सांगता येणार नाही.
मी सुट्टे पैसे मोजत होते.

साडेसोळा सेकंदांनी
तो पुन्हा येतोच.