हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात यायचा मालांग सांबू,
पहाटेच्या होडीनं कासामान्स ओलांडून.
एक हात नातवाच्या खांद्यावर,
दुसऱ्या हातात दुधाचा रिकामा डबा.
डब्यात तीन पदकं, कशाची कोण जाणे अशी एक चावी,
आणि घडीवर फाटलेला लष्करी कागद:
जन्म, सुमारे १९३१.

सुमारे.
त्या पिढीचे आमच्याकडचे सगळेच सुमारे जन्मलेले.
तारीख नेमकी फक्त भरतीची.

माझं काम सोपं.
समोरचा माणूस जिवंत आहे असं लिहायचं,
निळा शिक्का मारायचा
आणि कागद धाडायचा समुद्रापल्याडच्या कचेरीत,
जिथं त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं
तरी वर्षातून एकदा ज्यांना शंका यायची.

"नाव?" मी विचारायचो. नियम आहे.
"बाकारी गुदियाबी," तो म्हणाला पहिल्या वर्षी.
नातू ओशाळला. "मालांग सांबू, साहेब. मी याया."
मी लिहिलं.
पुढच्या वर्षी, "नाव?"
"एदुआर बासेन."
त्याच्या पुढच्या वर्षी तिजान साने.
म्हातारा भ्रमलाय, असं मी घरी बोललो.
भात वाढता वाढता बायको म्हणाली,
भ्रमलेला माणूस तेच तेच बोलतो.

सहाव्या वर्षी मी त्याच्या मागोमाग बाहेर गेलो.
पांढऱ्या सावरीच्या भिंतीएवढ्या मुळांमध्ये
तो भुईमूग सोलत बसला होता.
पदक चौथंही होतं म्हणाला.
गळाला बांधलं वजन म्हणून. मासा घेऊन गेला.
हसला. मग हसू तसंच तोंडावर विसरून
सांगू लागला.

"इंडोचायनात खाचरं होती. थेट आपल्यासारखी.
लावणी नुकती झालेली.
बाकीचे शहरातले, गवत समजून चालत होते.
मला ठाऊक होतं ते काय आहे.
तरी मी त्यावर पाय दिला.

बाकारी दुसऱ्या बांधावर गेला.
एदुआर रात्रभर होता,
गुडघाभर पाण्यात, पाणी मागत.
तिजानचं मला ठाऊक नाही. सकाळी नव्हता.

त्यांचा दाखला कुणी मागत नाही.
मी नाव सांगतो
तेवढ्यापुरती तू लेखणी उचलतोस.
पुरे."

पेन्शनीत येई पोतंभर कणी आणि वर थोडं तेल.
त्याच जखमेचे तिकडच्या शिपायाला
कितीतरी पट मिळतात, हे मला कागदांवरून माहीत.
त्या दिवशी पोतं मीच होडीत ठेवलं.
त्यावर ठळक छापलं होतं: व्हिएतनाम.
त्याला वाचता येत नव्हतं.
मी वाचून दाखवलं नाही.

यंदा होडीतून एकटा याया उतरला,
डबा काखेत.
खांदा अजून किंचित कललेला,
कुणी धरावा म्हणून ठेवतात तसा.

मला दुसरा कागद काढावा लागला,
खालच्या खणातला, ज्यावर शिक्का काळा.
खण अडकला होता. दोनदा ओढला.

"नाव?" मी विचारलं.
अर्जदाराचं. म्हणजे त्याचं.
"मालांग सांबू," याया म्हणाला.

मी लेखणी उचलली
आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ
उचललेलीच ठेवली.

धक्क्यावरून होडीवाला हाका मारत होता,
चला, भरती ओसरतेय.
याया हलला नाही.