टायर

फोन म्हणतो, चार मिनिटं.
दहा मिनिटांपूर्वीही चारच म्हणत होता.
बुर्ज अल-सहवाच्या थांब्यावरचं वेळापत्रक
उन्हानं इतकं धुऊन काढलंय
की आता फक्त शुक्रवारचा रकाना वाचता येतो.
आज मंगळवार.

निवाऱ्याला काच आहे, आत एसी आहे,
एसीवर अरबीत लिहिलेला कागद.
अक्षराला अक्षर जोडत मी वाचायला शिकतेय;
पहिला शब्द निघाला ‘खारिज’.
आमच्या तहसील कचेरीतला कुणी
इतक्या लांब, मस्कतमध्ये भेटावा तसं झालं.

मग बाहेरच बरं. खांबाच्या हातभर सावलीत
आम्ही पाचजण एकामागे एक;
सावली सरकते तशी रांग सरकते.
पुढे मारिसेल, रात्रपाळी करून आलेली,
पायात अजून दवाखान्याच्या चपला.
तिनं छत्री थोडी मागे कलती केली,
माझ्याकडे न बघता.

आठचा तास झुवैना मॅडमचा.
समोरचे हे काळे डोंगर, त्या सांगतात,
नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होते,
वर्षाला बोटभर सरकत सरकत इथवर पोचले.
पोचले तरी.

आई अंबड आगारात कंडक्टर आहे.
तिच्याकडे आत्ता नऊ वाजून गेलेत,
घनसावंगीची फेरी निम्म्यावर असेल.
काल तिनं आवाज पाठवला, त्यात मागे कुणीतरी ओरडत होतं,
‘ओ बाई, ही काय यायची वेळ झाली का?’
आणि तिचं नेहमीचं, एकोणीस वर्षांचं,
‘टायर बदलला दादा, चला, पुढे सरका.’
लहानपणी मला वाटायचं,
आईच्या गाडीइतके टायर
जगात कुठल्याच गाडीचे फुटत नसतील.
नंतर कळलं, ड्रायव्हरच कमी आहेत आगारात.
हे प्रवाशाला कशाला सांगायचं, म्हणते.
ओरडणाऱ्या त्या माणसांचा मी किती राग राग केला.
आता माझ्याच घशात तो ओरडा येऊन बसलाय,
आणि इथे ओरडायला कंडक्टर नाही.
यंत्राला कार्ड टेकवायचं, यंत्र टुंग म्हणतं.

नारिंगी पट्ट्याची टॅक्सी आली, हॉर्न दोनदा.
‘रुसैल, मबेला, हलबान?’
दुर्र मोहम्मद, बलुची, दाढीला मेंदी.
हलबानचे सातशे बैसा म्हणाला. बैसा म्हणजे पैसाच,
पण माझ्या पाकिटात तो रुपयासारखा वागतो.
पाचशेवर आलो.
बसले, तर गाडी जागची हलेना.
‘चार सवारी होने दो, बेटी.’
म्हणजे हाही थांबाच, फक्त दार असलेला.

आणि अर्थातच तेवढ्यात बस आली.
एक नाही, दोन, बहिणीबहिणींसारख्या.
मारिसेल छत्री मिटून चढली.
दुर्र मोहम्मदनं आरशातून माझं तोंड पाहिलं,
डॅशबोर्डवरच्या डब्यातला एक खजूर मागे दिला,
आणि तिघांवरच गाडी काढली.

मवालेहच्या पुढे आम्ही बसला मागे टाकलं.
खिडकीच्या काचेला गाल लावून मारिसेल झोपली होती,
तिचा थांबा येईल तेव्हा तिला कोण उठवणार,
हे मला दिवसभर आठवत राहिलं.

महामार्गावर उतरले. ‘कॉलेज अंदर है, मैं बाहर का,’
म्हणून तो गेला. उरलेला रस्ता चालत,
बुटात वाळू, कपाळावर मीठ.

वर्गाचं दार ढकललं तेव्हा
मॅडमच्या हातात हिरवट काळा दगड होता.
त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, मला पाहिलं.
सांगण्यासारखं खरं बरंच होतं:
कागद, सावली, चौथी सवारी.
मी म्हणाले, टायर.

त्यांनी तो दगड माझ्या हातात दिला.
‘बस,’ म्हणाल्या, ‘आणि पुढे सरकव.’