मला विचारा

परभणीत, जिंतूर रोडच्या वाइंडिंगच्या दुकानात
शेठ माझ्या भावाशीच बोलायलेत.
हिला थोडंबी दिसत नाही?
हिला चहात साखर चालते का?
हात भाजून घेतला तर?

भाऊ प्रमाणपत्र काढतो, घडीवर फाटलेलं.
शंभर टक्के.
दहावीला एवढे पडले नव्हते, मी म्हणते.
कोणी हसत नाही.

शेठ, मला विचारा.
मी दैवशाला. साखर कमी.
आणि तुमचा कोपऱ्यातला पंखा
मी आल्यापासून बुश मागायलाय.

खटका. पाती थांबेस्तोवर सगळे गप्प.

मग मांडीवर येतो जळका स्टेटर,
वार्निशचा करपट वास.
अंगठ्याचं नख फिरवते:
चोवीस खाचा. पाणबुडी मोटर.
मामाच्या दुकानात चार उन्हाळे काढलेत;
वेढे बोटं मोजतात,
तोंड गप्पा मारायला मोकळं राहतं.

दोनच गोष्टी, शेठ.
पक्कड घेतली की होती तिथंच ठेवायची.
अन् पगार माझ्या हातात.

शेठ वळले असावेत,
आवाज जरा लांबून आला:
'सोमवारपासून येईल का रे ही?'

भाऊ काहीच बोलला नाही.
शहाणा आहे तसा.