ओट्याची उंची

भिशी लागली, आणि गावाला कळलं
मी स्वैपाकघरात ओटा बांधणार म्हणून.
तेव्हापासून माझ्याकडे चहा कमी उकळतो
आणि सल्ले जास्त.

"मार्बल नको घेऊ वं बाई," बेबीनंदा म्हणाली,
"हळदीचा डाग जल्मात जात नाही.
कडप्पा घे. काळ्यावर काहीच दिसत नाही."
तिच्या घरी कडप्पाच आहे.
काहीच दिसत नाही,
झुरळंसुद्धा.

भासरे म्हणाले, प्लायची कपाटं नको,
इथल्या मातीत वाळवी आहे,
अ‍ॅल्युमिनियम कर.
निघताना चपलेत पाय घालत म्हणाले,
"पण तुले एकटीले एवढा मोठा ओटा पाह्यजे काहून?"
हा सल्ला फुकट होता.
मी ठेवून घेतला नाही.

भाची पुण्याहून फोनमध्ये दिसली.
तिला घरभर फिरवलं, फडताळापासून मोरीपर्यंत.
"मावशी, त्रिकोण पाहिजे.
शेगडी, सिंक, फ्रिज.
तीन पावलांत सगळं हाताशी."
फोन ठेवून मी पावलं मोजली.
शेगडीपासून फ्रिजपर्यंत चार,
फ्रिजपासून नळापर्यंत सव्वीस,
नळाला पाणी एक दिवसाआड.
त्रिकोण होताच की,
फक्त त्याचं एक टोक
सुकदेवभाऊच्या गोठ्यामागं जात होतं.

पुलगावच्या दुकानात पोरानं शेडकार्ड उघडलं
मोराच्या पिसाऱ्यासारखं.
"काकू, वॉर्म लूक देऊ का?"
बाहेर सेहेचाळीस होतं. कुलर नुसताच फिरत होता.
म्हटलं, बाबू, गरम नको, आहे तेवढं पुरे.
कपाशीच्या फुलाचा रंग दे.
पहिल्या दिवसाचा,
दुसऱ्या दिवशी ते गुलाबी पडतं
त्याच्या आधीचा.
पोरगा गप्प झाला. त्यांच्याकडेही कपाशीच म्हणे,
पण फूल असं उभं राहून पाहिलं नव्हतं त्यानं.
बऱ्याच वेळानं एका पट्टीवर सापडला.
खाली नाव होतं व्हॅनिला.
असू दे.

मांड्याचं मडकं कुठं पालथं घालशील,
हे मात्र कोणीच विचारलं नाही.
ते मी मागच्या पडवीत ठरवलं,
स्वतःचं स्वतः.

मग रज्जाक मिस्त्री आले.
मी यादी वाचायला घेतली:
कडप्पा, अ‍ॅल्युमिनियम, त्रिकोण.
त्यांनी हात वर केला.
"बाई, इथं भिंतीशी उभ्या राहा. पोळी लाटा."
पोळपाट नव्हतं, कणीक नव्हती.
मी हवेत लाटली.
आधी लाजत, मग गोल.
त्यांनी माझं कोपर पाहिलं,
चार बोटं खाली मोजली,
कानावरची पेन्सिल काढून रेघ मारली.
"तीस इंच. दुकानवाला चौतीस सांगन.
त्याले काय, तो कुठी लाटते?"

अठरा वर्षं शाळेची खिचडी शिजवते मी.
एकशे चाळीस पोरं.
कढई गुडघ्याला लागते,
सराटा माझ्या खांद्याएवढा.
वाकून वाकून कंबर त्या कढईच्या कडेसारखी झाली.
साहेब येतात, तांदूळ मोजतात,
पोरं मोजतात, सही घेतात.
माझं कोपर कुठं येतं
हे आज पहिल्यांदा कोणी पाहिलं.

वाळू अजून आलेली नाही.
मिस्त्री देवळीच्या कामावर गेले, सोमवार म्हणाले,
कोणता ते नाही म्हणाले.
ओटा नाही, फरशी नाही,
नुसती रेघ आहे.
येता-जाता मी तिच्यापाशी थांबते,
एखादी पोळी लाटते.

काल बेबीनंदा आली.
"पुसून टाक वं ते, भिंत खराब दिसते."
म्हटलं, थांब.
इथं उभी राहा. लाट.
"काय लाटू?"
लाट तं खरी.
ती हसली, पदर खोचला,
आणि लाटू लागली. तिच्या हातालाही
पीठ न लागता.
तिचं कोपर माझ्यापेक्षा दोन बोटं वर.
घरचा ओटा, ती म्हणाली, सासऱ्यानं बांधला होता,
त्याच्या कमरेच्या मापानं.
ती लाटतच होती.
मी पेन्सिल शोधत होते.