ळ

आमच्या खानदेशात ळ फार लागतो.
धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर,
चाळीसगाव, पारोळा,
आणि वर केळी.
सावद्याच्या व्यापाऱ्याची पावतीपुस्तकं छापायची
म्हणजे दुपारपर्यंत
खिळ्यांच्या केसमधला ळचा खण रिकामा.

पारोळ्याचे दगाशेठ एस्टीने एरंडोलला येत,
तंबाखूच्या डबीत वीस ळ मोजून नेत,
लग्नसराई सरली की आणून देत.
दादांनी कधी लिहून ठेवलं नाही.
शिसं दादांचं होतं.
ळ कोणाचा,
हे तेव्हा कोणी विचारत नसे.

मी ट्रेडल भंगारात घातलं, संगणक घेतला.
विंडोज घेतलं म्हणणार होतो,
पण खरं सांगतो,
ते चाळीस रुपयांच्या सीडीतून आलेलं,
वर स्केचपेनने नाव.
अक्षरं मात्र रोखीने घेतली.
पुण्याची कंपनी, साडेअकरा हजार,
सोबत अंगठ्याएवढं डोंगल.
ते पाठीला खोचलेलं असेल
तरच मराठी दिसायची.

ऐन वैशाखात ते मेलं.
बावीस पत्रिका टेबलावर,
आणि नवरदेवाच्या नावात पौंड,
कुलदैवताच्या जागी टोपी घातलेला यू,
आणि जिथे जिथे ळ
तिथे तिथे डॉलर.
कंपनी फोनवर गोड बोलली:
ते व्हर्जन बंद झालं काका, नवीन घ्या.
सतरा वर्षांची गावाची लग्नं, बारशी, उत्तरकार्यं
माझ्याच कपाटात, माझ्याच फायलींत,
आणि किल्ली माझ्याकडे नाही.

वारके मास्तरांची हर्षाली फैजपूरला शिकते.
तिने पेनड्राइव्ह लावला, म्हणाली, काका, हे लिनक्स.
किती द्यायचे?
काही नाही.
चोरीचं?
नाही.
मग कोणाचं?
माझा कामगार झिपरू कोपऱ्यातून म्हणाला,
"फुकट शे म्हणजे काहीतरी खोट शे."

खोट होतीच.
रंगीत प्रिंटरने ओळखच दिली नाही.
"चौधऱ्यांच्या" मधला र
चंद्रकोर सोडून पाय मोडून बसला.
आणि शिव्या द्यायच्या तर कोणाला?
पुण्याच्या कंपनीचा कुळकर्णी
एकदा रात्रीच्या गाडीने आला होता,
पहाटेपर्यंत मशीनपुढे बसला,
शेवेची भाजी खाऊन घाम पुसत गेला.
पैसे घेतले, पण माणूस आला.
इथे माणूसच नाही.
हर्षालीने कुठेतरी चार ओळी लिहिल्या,
खाली चौधऱ्यांच्या पत्रिकेचा फोटो चिकटवला.
नवव्या दिवशी र सरळ झाला.
कोणी केला?
तिने नाव वाचून दाखवलं,
मला उच्चारता आलं नाही.
त्याला चौधरी कोण हे ठाऊक नसणार,
एरंडोलही नाही.

मग दोन रात्री बसून
तिने डॉलरचे ळ केले.
एकेक चिन्ह ओळखत,
हे ष्ट, हे ज्ञ, ही वेलांटी,
आणि पडद्यावर उगवले
चि. हिलाल आणि चि. सौ. कां. कोकिळा,
ज्यांची नातवंडं आता पत्रिका टाकायला येतात.
पोरीला पाकीट दिलं, तिने घेतलं.
फुकट ते होतं. तिच्या दोन रात्री नव्हत्या.

आता टेबलावर दोन मशीनं आहेत.
रंगीत काम विंडोजवर.
ते या खेपेस बिलासकट घेतलं,
पैसे देताना छातीत दुखलं,
पण स्केचपेनचं नाव पुसलं गेलं.
मजकूर सगळा दुसऱ्यावर.
झिपरू अजून त्याला फुकट्या म्हणतो
आणि दिवसभर त्याच्यावरच बसतो.

परवा माळ्यावरून दादांची केस काढली.
सवयीने ळचा खण मोजला.
एकोणसाठ.
साठ असायचे.
एक अजून पारोळ्याला आहे,
दगाशेठ गेले, छापखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालं,
आणि तो ळ
कुठल्या फळीखाली, कुठल्या डबीत,
कोणास ठाऊक.
मी मागायला गेलो नाही.